फौजदारची पेटी

दार उघडल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली ती बॅग. शेंदरी रंगाची, चार चाकांची, कोरी करकरीत, आणि हॉलच्या मधोमध आ वासून पडलेली. त्याच्या एका हातात त्याची स्वतःची बॅग होती, काळी, कोपरे घासून पांढरे पडलेली, आणि दुसऱ्या हातात प्रमाण वजनांची लाकडी पेटी. क्षणभर त्याला वाटलं, आपण भलत्याच्याच घरात शिरलो. या घरात दाराशी बॅग दिसायची ती त्याची. ती बाहेर आली की तो निघाला, ती कपाटावर गेली की तो आला, इतकं ते सरळ होतं. दुसरी बॅग या घरानं कधी पाहिली नव्हती. आणि त्या शेंदरी बॅगेत, जिथे माणसं घड्या घातलेले कपडे ठेवतात तिथे, फौजदार पोटाशी पाय घेऊन गाढ झोपली होती.

फौजदार म्हणजे मांजर. नाव ताईनं ठेवलेलं. घरात कुणीही आलं की ही बया बुटापासून पिशवीपर्यंत त्याची झडती घ्यायची आणि संशय फिटल्याशिवाय त्याला सुखानं बसू द्यायची नाही. करडा रंग, अंगानं मुळातच किडकिडीत, आता म्हातारपणाकडे झुकलेली. पण तोरा असा की घरभाडं हीच भरते. एरवी तो दौऱ्यावरून आला की ती दाराशी हजर असायची. आज तिनं एक डोळा किलकिला केला, त्याला ओळखलं, आणि डोळा मिटून घेतला. ही गोष्ट त्याला उगाचच लागली.

"आलास? बूट बाहेर काढ," आतून ताईचा आवाज आला. ताई वरच्या मजल्यावर राहायची. तो गावोगाव कारखान्यांतले वजनकाटे तपासत हिंडायचा, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर, आणि तो नसताना सकाळ-संध्याकाळ ताई खाली यायची. फौजदारला खायला घालायची, पाणी बदलायची, तिच्या ट्रेमधली वाळू झाऱ्यानं चाळून घाण काढायची, आणि मग खिडकीपाशी खुर्ची ओढून तिला मांडीवर घेऊन बसायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्याला आता ते दिसतही नव्हतं. भिंत असते, नळ असतो, तशी ताई असायची.

"बॅग कुणाची?"

"माझी. चाकं बघितलीस? नुसतं बोट लावलं की पळते."

"कुठे निघालीस?"

"जिथे सूर्य मावळत नाही तिथे," ताई हात पुसत बाहेर येत म्हणाली, जणू कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचं काम तिनं जन्मभर केलं होतं. त्या दुकानातल्या मैत्रिणीची मुलगी पार उत्तरेला कुठेतरी राहत होती. तिथे उन्हाळाभर रात्र होतच नाही म्हणे. सूर्य खाली येतो, जमिनीला टेकल्यासारखं करतो, आणि पुन्हा वर चढतो. मैत्रीण चालली होती, तिनं ताईला विचारलं होतं, आणि ताईनं एका दमात हो म्हणून टाकलं होतं. "जन्मभर उजेड घासला रे मी. म्हटलं एकदा सगळा एकदम बघून यावा."

यावर माणसानं काय बोलावं? वा म्हणावं, कधी निघणार विचारावं, किमान बॅग छान आहे म्हणावं. त्यानं विचारलं, "मग फौजदारचं काय?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. काच तपासताना ती हात लांब करून काच डोळ्यांसमोर धरायची आणि तिच्यातून खिडकीची चौकट बघायची. चौकट वाकडी दिसली की काच नापास. तसंच पाहिलं तिनं. मग हसली. "अरे ठोंब्या, तू नसशील तेव्हा खाणं-पाणी शेजारीण घालेल, आणि वाळूसाठी आता मशीनं निघालीत. मांजर जाऊन आलं की आपोआप साफ होतं म्हणे. तू यंत्रातला माणूस. घे बघून एखादं." पन्नाशीला आलेल्या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं.

त्या दिवसापासून तो मांजराच्या वाळूच्या अशा पेट्या बघत सुटला. हे काम तो मन लावून करत होता यात शंका नाही. जगातला कुठलाही काटा त्यानं डोळे झाकून खरा मानला नव्हता. कारखान्याचा मालक शपथेवर सांगायचा, काटा एकदम चोख आहे साहेब, आणि हा शांतपणे पेटी उघडायचा, मखमलीच्या खळग्यांतून पितळी वजनं कातड्याच्या तुकड्यानं धरून एकेक काढायचा, कारण उघड्या बोटाचा घामसुद्धा पितळेला चढतो. पारड्यावर वजन ठेवलं की तो श्वास रोखायचा. ती सवय आता इतकी मुरली होती की भाजीवाल्याच्या काट्यापुढेही त्याचा श्वास थांबायचा. तेव्हा प्राण्यांच्या दुकानात तो वजनांची पेटी घेऊन गेला, यात त्याला स्वतःला काही विनोदी वाटलं नाही. दुकानवालीला वाटलं. ती धिप्पाड, हसरी बाई होती, आणि तिच्या काखेत कापसाचं एक खोटं मांजर होतं, गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. पहिल्या पेटीत फणी होती. मांजर बाहेर आलं की फणी वाळूतून सरकायची आणि घाणीचे खडे ओढून कप्प्यात लोटायची. "आवाज ऐका," तो म्हणाला. "कुणीतरी दात खातंय असं वाटतं. आमची पळून जाईल." दुसरीचं तोंड अरुंद होतं, तिसरीचा कप्पा एवढासा, चौथीची वायर तोकडी. पाचवी म्हणजे आडवा गोल ड्रम, पुढे मोठं तोंड, आत वाळू. मांजर बाहेर पडलं की जरा वेळ थांबून ड्रम हळूहळू फिरायचा, खडे चाळून खालच्या कप्प्यात टाकायचा, आणि वाळू पुन्हा जागच्या जागी यायची. फिरणं इतकं संथ की बघत राहावं. त्याला ते आवडलं. आवडलं म्हणून तो दचकला, आणि पितळी वजनं काढून आत ठेवू लागला. छोटं वजन ठेवलं तर मशीनला आत काही असल्याचा पत्ताच लागला नाही. "बघा," तो जवळजवळ आनंदानं म्हणाला. "हलकं मांजर असलं तर?"

"किती भरतं तुमचं?" दुकानवालीनं विचारलं.

आणि त्याच्या लक्षात आलं की ते आपल्याला माहीत नाही. लोखंडाच्या सळ्या, औषधाच्या चिमटी, मालानं भरलेले ट्रक, सगळं त्यानं तोललं होतं. फौजदारला कधी नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," दुकानवाली खोट्या मांजराला म्हणाली, आणि मग त्याला, "अहो काका, तुम्हाला पेटी घ्यायचीय की घ्यायची नाहीय?"

तो रस्त्यावर आला. दुपारचं ऊन दुकानांच्या काचांवरून उलटून डोळ्यांत येत होतं. वजनांची पेटी हाताला जड लागत होती, आणि त्याला आत कुठेतरी हलकं वाटत होतं, नापास झालेल्या मुलाच्या शेजाऱ्याला वाटतं तसं. सगळ्या पेट्या बाद. म्हणजे मशीन नाही. म्हणजे ताई नाही जाणार. हा विचार त्यानं केला नाही. तो आधीच तिथे येऊन बसला होता आणि त्याला आत्ता दिसला, इतकंच. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाला दिसत नाही, असं म्हणतात. इथे मांजर बिचारी डोळे उघडे ठेवून होती. दूध हाच पीत होता.

चालता चालता त्याला धान्याच्या वखारीतला मोठा तराजू आठवला. का आठवला, कुणास ठाऊक. वडील तिथे तोलारी करायचे. छताच्या तुळईला टांगलेली लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्यांनी लटकवलेली फळ्यांची पारडी, पोती मावतील एवढी. दुपारी वखार सुस्तावली की मुलं पारड्यांत बसायची. ताई मोठी, तिचं पारडं जमिनीला टेकायचं. हा बारका, याचं वर अधांतरी. धान्याची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगायची, साखळीला गंजाचा वास असायचा, आणि तो वरून सगळ्या वखारीचा राजा असायचा. दुसरी मुलं खेळायची तेव्हा खालचा पोरगा मुद्दाम टुणकन उडी मारायचा, वरचा धाडकन आपटायचा, आणि सगळे खिदळायचे. एकाचं ढुंगण आठवडाभर दुखलं होतं. ताई तशी कधी उतरली नाही. ती आधी एक पाय जमिनीवर टेकायची, मग दुसरा, मग वळून दोन्ही हातांनी आपलं पारडं दाबून धरायची, आणि मग हळूहळू, दात आवळून, हात सैल करत जायची. तो वरून अलगद खाली यायचा, पाण्यात पान उतरावं तसा. तेव्हा त्याला वाटायचं, तराजू असाच असतो. तिचे हात त्यानं बघितलेच नव्हते. नंतर मोठा झाल्यावर, काट्यांची विद्या शिकल्यावर, एकदा हिशेब करून पाहिला, त्या वयातल्या पोरीला ते पारडं धरायला केवढा जोर लागत असेल याचा, आणि तो थक्क झाला होता. पण तिला ते कधी बोलला नाही. कौतुक करायची सवयच नव्हती त्या घरात.

ताईचं लग्न झालं होतं आणि फार टिकलं नव्हतं. तो विषय ती एका वाक्यात उरकायची, "नंबर चुकला होता." परत आली ती आई अंथरुणाला खिळली तेव्हा. त्या काळात त्याला दौऱ्यांची नोकरी नुकती लागली होती, आणि आई गेली तेव्हाही तो कुठल्याशा साखर कारखान्यात पोत्यांचा काटा शून्यावर आणत होता. ताईनं फोनवर सांगितलं, "घाई करू नकोस, नीट ये. मी आहे." मी आहे. हे दोन शब्द ती इतक्या सहज बोलायची की ऐकणाऱ्याला त्यांचं काही वाटूच नये. फौजदारचंही तसंच. एका कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्याखाली तो तपासणीला उतरला होता. तिथे माणूसभर खोल खड्डा असतो, ग्रीस आणि चिखलाचा. त्या अंधारात एक मूठभर करडं पिल्लू त्याच्यावर फिस्कारलं होतं. त्यानं प्रमाण वजनं खिशांत कोंबली, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, आणि मखमलीच्या पेटीत पिल्लू घालून घरी आणलं. शौर्य इथे संपलं. दुसऱ्याच दिवशी तो पुढच्या दौऱ्यावर गेला. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं ताईनं, रात्री उशाशी घेतलं ताईनं, वाळूत कसं बसायचं हे स्वतः बोटांनी उकरून दाखवलं ताईनं. मालक हा. कागदावरचा.

त्या संध्याकाळी ताई फौजदारला विंचरत बसली होती. फौजदार मान वर करून, डोळे बारीक करून, आता मानेखाली, आता कानामागे, असं अंगाच्या वळणांनीच हुकूम देत होती. त्यानं पाचही पेट्यांचे दोष सांगितले. अगदी तपशिलात सांगितले. ताई ऐकत होती. कंगव्यातले केस काढून त्यांची गोळी करत ती म्हणाली, "मग असं करू. मैत्रिणीला सांगते, तू एकटी जा म्हणून. पुढच्या वर्षी बघू."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. बाहेर पाऊस दिसला की माणूस मागे वळून छत्री घेतो, तेवढंच. हेच वाक्य ऐकायला आपण गेले कित्येक दिवस दुकानं झिजवत होतो, हे ते कानावर पडताच त्याला पक्कं कळलं. शेंदरी बॅग भिंतीशी उभी होती. तिच्या कप्प्याच्या चेनला ताईनं निळी दोरी बांधली होती, बॅगांच्या गर्दीत आपली ओळखू यावी म्हणून. जिला बॅगांची गर्दी कधी बघायला मिळाली नव्हती तिनं. त्या दोरीच्या गाठीकडे बघता बघता त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. "पाचवी बरी आहे," तो म्हणाला. "वजनाचा काटा तिचा जरा मठ्ठ आहे. पण मी बघतो."

"बरी आहे ना?" ताई म्हणाली. "मग आण की."

पेटी आली. बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यात, जिथे जुना ट्रे असायचा, तिथे त्यानं ती बसवली. खाली लाकडाच्या चिपा सारून ती अशी समतल केली की तिच्यावर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी कुठेच कलू नये. ड्रममध्ये नवी वाळू भरली. ताई स्टुलावर बसून चहा पीत मजा बघत होती. पुढच्या बाजूला आकड्यांची एक छोटी पट्टी होती, आणि तिच्याखाली शून्य करायचं बटण. कुठल्याही काट्याचं काम सुरू करताना पहिली गोष्ट काय, तर शून्य. पारड्यावरचं काय असेल-नसेल ते काट्याला विसरायला लावायचं आणि मग मोजायला घ्यायचं. हाताखालच्या पोरांना तो शिकवायचा, "आधी पारडं बघ, मग शून्य." हजारदा सांगितलं असेल. आणि हजारो काट्यांवर बटण दाबून त्याचं बोट इतकं सराईत झालं होतं की आता ते त्याला विचारायच्या भानगडीत पडत नव्हतं. पट्टीवर कसलासा आकडा दिसला. वाळूचा असेल. बोटानं बटण दाबलं. आकडा शून्यावर आला. मशीन समाधानानं टुंग करून वाजलं, आणि आपण रिकामे आहोत अशी खात्री पटल्यामुळे नमुन्यादाखल फिरायला लागलं.

"अरे, फौजदार कुठाय?" ताईनं विचारलं.

फौजदार आत होती. नवीन वस्तू घरात आली आणि तिची झडती फौजदारनं घेतली नाही, असं कधी घडलं होतं का? तो चिपा सारत असताना ती मागून आत शिरून अंधारात दबा धरून बसली होती. बटणावरचं बोट पुन्हा कुठे ठेवायचं तेच आठवेना, प्लग कुठे ते आठवेना. ड्रम फिरत होता, संथ, त्याला दुकानात आवडला होता तसाच संथ, आणि त्या गोल अंधारातून फौजदार दिसली. ती घाबरली नव्हती. पायाखालची जमीन मागे जातेय हे तिनं बघितलं, मान्य केलं, आणि ती उलट दिशेनं चालायला लागली. एक पाऊल, दुसरं पाऊल, सरकणाऱ्या वाळूवर, शेपटी उभी, चेहऱ्यावर एवढाही गोंधळ नाही. जागच्या जागी चालत चालत तिनं अंदाज घेतला आणि तोंड समोर येताच उंबरा ओलांडावा तशी बाहेर आली. बाहेर येऊन तिनं पंजा झटकला. वाळूचे चार कण उडाले. मग त्याच्याकडे बघून एकदाच, अगदी कोरडं, म्याव केलं. मशीन खडबडून थांबलं. पट्टीवर आकडा आला, आणि आकड्याच्या आधी एक आडवी रेघ. उणे. रिकाम्या ड्रमचं वजन उणे तीन किलो आणि वर थोडे ग्रॅम.

तो जमिनीवर बसला. ताई हसत होती. हसता हसता तिच्या कपातला चहा सांडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पदरानं डोळे पुसत खाली वाकून पट्टी बघू लागली. "अरे, हे तर तिचं वजन! मोजलंस की शेवटी. उणं आहे, पण बरोबर आहे."

"ताई, ती मेली असती."

"मेली बिली काही नसती. ती बघ कशी ऐटीत चाललीय. तूच मेल्यासारखा दिसतोयस. ऊठ."

पण तो उठला नाही. त्या रेघेकडे बघत राहिला. काटा खोटं बोलत नव्हता. त्याला भरलेलं पारडं रिकामं म्हणून शिकवलं, तर पारडं खरंच रिकामं झाल्यावर तो आणखी काय दाखवणार? जे कायम आत होतं ते त्यानं कधी मोजलंच नव्हतं. निघून गेलं तेव्हा तेवढंच उणं पडलं. हे त्याच्या धंद्यातली पोरंटोरंही सांगतील इतकं साधं होतं. त्यानं स्टुलाकडे पाहिलं. ताई सांडलेला चहा पुसत होती, वाकून, एक हात गुडघ्यावर, कानामागचे केस पांढरे, पाठ जराशी बाक आलेली. किती सुंदर दिसते आपली ताई, असं त्याला वाटलं. आणि आपल्याला हे आज वाटतंय, याचं त्याला रडू आलं. ते त्यानं वाळू नाकात गेल्याच्या शिंकेत दडवलं.

मग फौजदारनं असहकार पुकारला. पेटीकडे ती ढुंकूनही बघेना. एकदा त्याच्या बुटात, एकदा न्हाणीत, एकदा वर जाऊन ताईच्या पायपुसण्यावर तिनं आपलं मत नोंदवलं. निघायचा दिवस जवळ येत होता. त्यानं दुकानात फोन केला तर दुकानवाली म्हणाली, "काका, मशीन बंद ठेवा. आधी तिला नुसता डबा वाटू द्या." त्यानं प्लग काढला. जुन्या ट्रेतली झाराभर वाळू ताईनं नव्या ड्रममध्ये मिसळली, ओळखीचा वास यावा म्हणून. आणि ताईनं आणखी एक केलं, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं. ती संध्याकाळची यायची थांबली. "काम आहे रे," म्हणायची. आधी संध्याकाळी नाही. मग सकाळी आली तरी उभ्या उभ्या. मग मांडीवर न घेता नुसता हात फिरवून. फौजदार पायरीवर बसून वर बघायची आणि मग नाइलाजानं याच्याकडे यायची. वाटीत खाणं आता तो घालत होता. पाणी तो बदलत होता. झारा त्याच्या हातात आला होता, आणि वाळू चाळताना पहिल्या दिवशी त्याला ओकारी आली, दुसऱ्या दिवशी नाही. तिचे खडे कसे असतात, ती आधी उजव्या पंजानं उकरते, उरकल्यावर वाऱ्यासारखी पळत का सुटते, हे सगळं बघण्यासारखं होतं. इतक्या वर्षांत हे घरात रोज होत होतं आणि तो कारखान्यांचे काटे बघत फिरत होता.

एका सकाळी तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला असताना ती आली. ड्रमच्या तोंडाशी थांबली. आत शिरली. त्यानं श्वास रोखला, पितळी वजन ठेवल्यावर रोखायचा तसा. उकरण्याचा आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा उकरणं. ती बाहेर आली आणि हॉलभर वाऱ्यासारखी धावली. त्यानं आत वाकून नीट बघितलं, हात घालूनही बघितलं, आणि मग प्लग लावला. ड्रम फिरला. खडे कप्प्यात पडले. फौजदार लांबून बघत होती. तिनं कान एकदा मागे घेतले, आणि पुढे आणले. त्याला वाटलं जिना चढून वर पळत जावं आणि ओरडावं. तो खरंच पळत गेला. ताई स्वेटरची घडी घालत होती. "गेली!" तो धापा टाकत म्हणाला. "मशीनमध्ये गेली!"

"हो? छान झालं," ताई म्हणाली, आणि दुसरा स्वेटर उचलला. पण तिचे हात क्षणभर थांबले होते. ते त्यानं बघितलं. आता त्याला हात दिसायला लागले होते.

ती निघाली त्या सकाळी खाली गाडी येऊन थांबली होती. मैत्रीण आत बसून हॉर्न वाजवायला लावत होती. त्यानं मोबाइल काढून दाखवला. मशीन फोनवर निरोप पाठवायचं: फौजदार आत गेली, बाहेर आली, वजन अमुक. "तुझ्या फोनवरही जोडून देतो. तिथे बसल्या बसल्या कळेल तुला."

"नको," ताई म्हणाली. "मी सूर्य बघायला चाललेय. मांजरीची शी नाही." मग जरा मऊ आवाजात, "तू बघ. तुला कळलं की झालं."

तिनं फौजदारला उचलून घेतलं. गालाला गाल लावला. फौजदारनं तिच्या नव्या कोटाच्या कॉलरची झडती घेतली आणि मंजूर केला. मग ताई वाकली. तिनं आधी फौजदारचे मागचे पाय जमिनीला टेकू दिले. मग पुढचे. तरी तिनं हात काढले नाहीत. दोन्ही तळवे तिच्या पाठीवर तसेच ठेवले, आणि हळूहळू, दात आवळून, सैल करत गेली. फौजदारला कळलंही नाही कधी सुटली ते.

त्याला ते एकदम दिसलं. तिचं संध्याकाळी न येणं, मग उभ्या उभ्या येणं, त्याच्या हातात आलेला झारा, 'घे बघून एखादं', सगळं. ती एकदम उतरलीच नव्हती. कधीची दाबून धरून हळूहळू सोडत होती, आणि तो पुन्हा एकदा तराजूच असा असतो असं समजून वर बसला होता. ताई उठली. तिनं त्याचा दंड धरला. "वेळेवर जेवत जा. दौऱ्यावर जाशील तेव्हा कप्पा रिकामा करून जा. आणि..." दंडावरचा हात तसाच राहिला. खाली हॉर्न वाजला.

"उतर, ताई," तो म्हणाला. "आता मी आपटत नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. वखार, साखळ्या, धूळ, सगळं तिच्या डोळ्यांत एका क्षणात येऊन गेलेलं त्यानं बघितलं. "ठोंब्या," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"जोर किती लागायचा त्याचाही हिशेब केलाय मी. कमाल होतीस तू."

ती हसली, भरल्या डोळ्यांनी, आणि हात सोडला. एकदम सोडला. बॅग उचलू का म्हणून तो पुढे झाला तर तिनं मान हलवली आणि बॅगेला बोट लावलं. बॅग पळाली. जिन्यावर धडधड आवाज करत ती उतरत गेली, आणि त्या आवाजामागून ताईचं मैत्रिणीला, "आले गं, किती बोंबलशील!" ऐकू आलं. मग गाडीचं दार लागलं.

तो दारात उभा होता. पायाजवळ फौजदार होती. दोघंही जिन्याकडे बघत राहिली. मग तिनं शेपटी उभी केली, आत गेली, आणि बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यातून वाळू उकरल्याचा आवाज आला. खिशातला फोन थरथरला. त्यानं तो काढला नाही. तो कोपऱ्यात जाऊन जमिनीवर बसला आणि ती बाहेर येण्याची वाट बघू लागला.